सुलट-उलट : नमुना येतो तरी कुठून?

गेल्या अंकात परदेशी विणकाम-डिझायनरांवर चार ओळी लिहिल्या आणि पत्रांचा ढीग आला. ‘मुंढ्याला किती टाके घटवू’, ‘गळा घट्ट होतोय’ ही नेहमीची पत्रं या वेळी बाजूला ठेवली आहेत, ती पुढच्या महिन्यात घेऊ. आज फक्त एकाच गोष्टीबद्दल : या लोकांना हे सुचतं कसं?

प्रश्न : माझी मुलगी एडिंबराला असते. तिने रंगीत जाकिटांच्या विणकामाचं एक पुस्तक पाठवलंय. एकेका जाकिटात पंधरा-वीस रंग! आमच्याकडे दोन रंग जुळवतानाच घरात एकमत होत नाही. या माणसांना एवढे रंग सुचतात कुठून, आणि माझ्यासारखीला ते जमेल का?
– एक वाचक, मिरज

उत्तर : ताई, पुस्तकाचं नाव तुम्ही कळवलं नाहीत, पण वर्णनावरून ते केफ फॅसेटचं वाटतंय. नसलं तरी उत्तराची सुरुवात त्याच्यापासूनच करते, कारण हाताने विणणाऱ्यांच्या मनातली रंगांची धास्ती घालवायचं काम याच्याइतकं कुणी केलेलं नाही.

हा मूळचा चित्रकार. जन्म १९३७चा, सॅन फ्रान्सिस्कोचा. १९६४ मध्ये इंग्लंडात आला. १९६८ मध्ये बिल गिब या फॅशन डिझायनर मित्राबरोबर स्कॉटलंडला गेला, आणि इन्व्हर्नेसच्या गिरणीत लोकरीच्या लडी बघून खुळावलाच. बाहेर डोंगरावर जे रंग बघून आला होता, तेच आत फळीवर मांडलेले. वीस रंगांची लोकर घेतली, सुया घेतल्या. विणता येत होतं का? अजिबात नाही! लंडनला परतताना आगगाडीत शेजारी बसलेल्या एका बाईंनी त्याला शिकवलं. पुढे १९८८ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात त्याचं एकट्याचं प्रदर्शन भरलं. हयात असलेल्या वस्त्रकलावंताला तो मान तोवर मिळाला नव्हता.

आता त्याचं एखादं जाकीट नीट निरखा. वीण कुठली आहे? एक सुई सुलट, एक सुई उलट. बस्स. ना जाळी, ना केबलचा पीळ, ना गाठी. तुमच्या मुलीने शाळेत रुमाल विणला असेल, तीच वीण. सगळी करामत रंगांची, आणि ते रंग तो जुन्या चिनी बरण्या, तुर्की गालिचे, फरशांची नक्षी, भाजीची टोपली असल्या गोष्टींवरून उचलतो. तो बरणीचं चित्र स्वेटरवर काढत बसत नाही, हे लक्षात घ्या. बरणीत निळा किती आहे, त्या निळ्याशेजारी करडा कसा बसलाय आणि मध्येच एक गंजका ठिपका किती छोटा आहे, एवढंच घेतो. त्याची आणखी एक खोड अशी की लाल हवा असेल तर एक लाल तो घेणारच नाही. पाच लाल घेतो, थोडे मागेपुढे. एखादा रंग चुकला तरी तो बाकीच्या चौघांत खपून जातो. दोनच रंग असले की मात्र चूक उघडी पडते. म्हणून दोन रंगांवर तुमच्या घरात भांडणं होतात!

याच्या अगदी उलट टोकाची बाई म्हणजे अ‍ॅलिस स्टारमोर. स्कॉटलंडच्या पश्चिमेला लुईस नावाचं बेट आहे, तिथली. फॅसेट जगभरच्या वस्तू धुंडाळतो. ही मुख्यतः आपल्याच बेटाकडे बघते. तिच्या लोकरीच्या रंगांना नावं आहेत ‘डोंगरी ससा’, ‘वादळी पाखरू’, ‘वाहून आलेलं लाकूड’, ‘गोट्यांचा किनारा’. ही नावं नुसती शोभेची नाहीत. लोकर आधी रंगवायची, मग वेगवेगळे रंग एकत्र पिंजून त्याचा धागा कातायचा, अशी तिकडची पद्धत. म्हणजे लांबून करडा दिसणारा धागा उजेडात धरला की त्यात जांभळा, हिरवट, चिमूटभर पिवळा असे तंतू वेगळे दिसतात. तिथली माळरानं, समुद्र असेच दिसतात म्हणे. माझं काही जाणं झालेलं नाही.

तुम्हाला धीर देणारी गोष्ट पुढे आहे. तुमच्या पुस्तकात ‘फेअर आइल’ पद्धतीचे नमुने असणारच. ऑर्कनी आणि शेटलंड यांच्या मधल्या एका चिमुकल्या बेटाचं ते नाव. १९२२ मध्ये तेव्हाचा प्रिन्स ऑफ वेल्स सेंट अँड्र्यूजच्या गोल्फच्या मैदानावर असला स्वेटर घालून उतरला आणि बेटाबाहेर त्याची फॅशन पसरली. या विणकामाचा नियम साधा आहे : एका ओळीत फक्त दोन रंग. पंधरा रंगांचं जाकीट असलं तरी सुईवर एका वेळी दोनच. दर दोन-चार ओळींनी कधी पार्श्वभूमीचा रंग एक पायरी गडद करायचा, कधी नक्षीचा फिकट करायचा. त्यामुळे एकूण रंग भरपूर दिसतात आणि हाताला काम दोघांचंच.

तेव्हा रंग शोधायला पुस्तकात डोकं घालू नका. तुम्ही मिरजेच्या आहात. सतारमेकर गल्लीतून एक चक्कर मारा आणि पॉलिशला लावलेले तंबोऱ्याचे भोपळे बघा. कच्चा भोपळा फिकट पिवळट. पहिला हात दिलेला मधासारखा. मग नारिंगी झाक, मग लालसर तपकिरी, कडेला जवळजवळ काळा. वर पांढऱ्या नक्षीच्या बारीक पट्ट्या. सहा-सात रंग झाले की नाही? त्या रंगांच्या लडी जमवून ओळीने मांडा, चार पावलं मागे जा, डोळे किलकिले करून बघा. एखादी लडी डोळ्यात खुपली तर काढू नका, नुसती कमी वापरा. पांढरा सगळ्यात कमी, कारण भोपळ्यावरही तो कमीच असतो.

प्रश्न : मुलाने आयर्लंडहून केबलचा पांढरा जाड स्वेटर आणला. सोबतच्या कागदावर लिहिलंय की तिकडे प्रत्येक कोळी घराण्याची वीण वेगळी असायची, म्हणजे समुद्रात बुडालेला माणूस किनाऱ्याला लागला की स्वेटरवरून ओळख पटायची. मी स्वतः कोळ्याची मुलगी. वाचून अंगावर काटा आला. पण हे खरं आहे का?
– एक वाचक, वसई

उत्तर : नाही. गोष्ट फार चांगली आहे, पण ती गोष्टच.

तुमचा स्वेटर ‘अ‍ॅरन’ पद्धतीचा. आयर्लंडच्या पश्चिमेला गॉलवेच्या उपसागराच्या तोंडाशी अ‍ॅरन नावाची तीन खडकाळ बेटं आहेत. जॉन मिलिंग्टन सिंज हा आयरिश नाटककार तिथे राहून आला आणि त्याने एक एकांकिका लिहिली. ती १९०४ मध्ये डब्लिनला झाली. तिच्यात बुडालेल्या भावाची ओळख बहिणीला पटते ती त्याच्या पायमोज्यावरून. मोजा तिनेच विणलेला असतो. साठ टाके घातले होते आणि चार सोडले होते, हे तिच्या ध्यानात असतं. टाके मोजते आणि कळतं. बघा, इथे स्वेटर नाही, घराण्याची वीण नाही. आपल्या हातचं काम ओळखणारी एक बहीण आहे, इतकंच.

पुढे हाइन्झ किवे नावाच्या ऑक्सफर्डमधल्या लोकरीच्या दुकानदाराला १९३०च्या दशकात डब्लिनमध्ये असा एक स्वेटर सापडला. गृहस्थ कल्पक. हजार-बाराशे वर्षांपूर्वीच्या आयरिश हस्तलिखितातल्या चित्रांशी त्याने या विणीचं नातं जोडून टाकलं आणि १९६७ मध्ये त्यावर पुस्तकही काढलं. मग काय, केबल म्हणजे कोळ्याचा दोर, चौकट म्हणजे शेत, नागमोडी वीण म्हणजे नवरा-बायकोच्या संसारातले चढउतार, अशी भाषांतरं सुरू झाली. पर्यटकाला स्वेटरबरोबर कथा दिली की किंमत सांगायला सोपं जातं. १९६१ मध्ये क्लॅन्सी ब्रदर्स ही आयरिश गायक मंडळी अमेरिकन टीव्हीवर असे स्वेटर घालून गायली, आणि तिकडे मागणीला तोटा उरला नाही.

रिचर्ड रट या बिशपसाहेबांनी (हो, बिशप! स्वतः विणायचे) १९८७ मध्ये हाताच्या विणकामाचा इतिहास लिहिला आणि या कथेतली हवा काढली. वर जिचं नाव आलं त्या अ‍ॅलिस स्टारमोरने १९९७च्या पुस्तकात संग्रहालयांतले जुने स्वेटर तपासून दाखवलं की ही शैली विसाव्या शतकातली. स्कॉटलंडकडच्या मच्छीमारांचे गडद निळे, अंगाबरोबर बसणारे, छातीवर नक्षी असलेले स्वेटर अ‍ॅरनच्या बायकांच्या पाहण्यात आले होते. ते बघून त्यांनी आपलं काहीतरी केलं, आणि मूळच्यापेक्षा कितीतरी पुढे नेलं.

मला विचाराल तर खरी हकिकत जास्त आवडण्यासारखी आहे. लोकर घरची, न रंगवलेली, पांढरी. रंगच नाही म्हटल्यावर नक्षी दाखवायची कशाने? सावलीने. टाके एकमेकांवरून ओलांडून पीळ उंच उठवायचा, शेजारी उलट टाक्यांची पट्टी ठेवून ती खोल घालवायची. तिरपा उजेड पडला की पांढऱ्यावर पांढरं उठून दिसतं. तुमचा स्वेटर दुपारी खिडकीशी नेऊन बघा, मग ट्यूबलाइटखाली बघा. ट्यूबलाइटखाली निम्मी नक्षी गायब होते. आणि हे कशासाठी? विकून चार पैसे यावेत म्हणून. बुडालेल्या माणसापेक्षा जिवंत घराची काळजी त्या विणीत जास्त आहे. हे तुम्हाला मी सांगायला नको.

त्याच मापाचा स्वेटर विणणार असाल तर एक ध्यानात ठेवा : केबल रुंदी खाते. साध्या विणीला जेवढे टाके घालता तेवढ्यावर केबल घेतली तर स्वेटर अंगात शिरणार नाही. आधी निदान दोन केबल बसतील एवढा तुकडा विणून मोजा, आणि लोकर दोन गुंडे जास्तीच आणा.

प्रश्न : शुद्ध लोकर परवडत नाही. हे परदेशी नमुने अ‍ॅक्रिलिकवर चालतील का?
– एक विद्यार्थिनी, परभणी

उत्तर : बिनधास्त. परभणीच्या थंडीला अ‍ॅक्रिलिक रग्गड. दोनच ठिकाणी जपून. जाळीच्या शाली ओल्या करून ताणून वाळवल्या की लोकर तो ताण धरते, अ‍ॅक्रिलिक धरत नाही. आणि फेअर आइलवाले अख्खा स्वेटर नळीसारखा गोल विणतात, मग मुंढ्याच्या जागी चक्क कात्रीने कापतात. शेटलंडची लोकर खरखरीत, तिचे तंतू एकमेकांत अडकतात म्हणून टाके उसवत नाहीत. अ‍ॅक्रिलिक गुळगुळीत. त्याला कात्री लावायची असेल तर आधी दोन्ही बाजूंनी मशीनची शिलाई मारून घ्या.

प्रश्न : नॉर्वेच्या हातमोज्यांवर आठ पाकळ्यांचं फूल असतं, ते हुबेहूब आपल्या ठिपक्यांच्या रांगोळीतलं आहे. धारवाडच्या कशिद्यातही ते दिसतं. आमच्या गटात एकीने लिहिलं की ही नक्षी भारतातूनच तिकडे गेली. अभिमान वाटला. तुमचं मत?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : अभिमान रांगोळीचा बाळगा, निर्यातीचा नको.

तुम्ही म्हणता ते ‘सेल्बूचं गुलाब’. सेल्बू हे नॉर्वेतल्या ट्रॉन्डहाइमजवळचं गाव. तिथल्या मारित एमस्ताद या मुलीने १८५७च्या सुमारास काळ्या-पांढऱ्या दोन धाग्यांनी ते हातमोज्यावर विणलं, गावाने उचललं, आणि पुढे हातमोजे हाच गावाचा धंदा झाला. पण फूल काही तिने शून्यातून काढलं नव्हतं. भरतकामात, विणलेल्या कापडात ते आधीपासून होतं. तुर्कस्तानपासून पेरूपर्यंत कुठेही बघा, सापडेल.

कारण ते कुणी कुणाकडून घेतलं यात नाहीच. कारण चौकटीत आहे. ठिपके मांडले, कापडाचे उभे-आडवे धागे मोजले किंवा सुईवर टाके घातले, तरी तुमच्या हाती चौकटींचा कागदच येतो. त्यावर गोल पाकळी काढता येत नाही. आडवी रेघ येते, उभी येते आणि एक घर वर, एक घर बाजूला अशी तिरपी येते. एवढ्या तीन रेघांतून फूल काढायला बसा. मिरजेत बसा नाहीतर नॉर्वेत, आठ पाकळ्यांवरच याल.

विणकामात त्याला आणखी एक कारण आहे. दोन रंगांनी विणताना जो रंग पुढे नसतो तो मागून नुसता वाहत जातो. सलग फार टाके एकाच रंगाचे आले की मागे लांब फास लोंबतो आणि मोजा घालताना त्यात बोट अडकतं. म्हणून चार-पाच टाक्यांत रंग बदलावा लागतो. सेल्बूच्या फुलाची पाकळी मधोमध चिरलेली असते, आणि आजूबाजूला बारीक ठिपके पेरलेले असतात, ते पाहिलंत? शोभेचे आहेतच, पण मागचा धागा अडवून धरायचं कामही तेच करतात. डिझायनरच्या डोक्यात फूल असतं आणि बोटांत हा हिशेब असतो. दोन्ही जमलं तर नमुना टिकतो.

तुमच्या रांगोळीच्या वहीतला ठिपक्यांचा नमुना थेट विणायचा असेल तर सरळ रेषांचा घ्या. ठिपक्यांभोवती वळसे घेत जाणारा नको.

प्रश्न : नात दोन वर्षांची होईल. तिच्यासाठी लाल स्वेटरवर माझ्या लग्नातल्या पैठणीच्या पदरावरचा मोर विणायचाय. क्रॉसस्टिचच्या पुस्तकातला मोराचा आलेख घेऊन विणला, तर तो मोर बसक्या कोंबडीसारखा दिसतो. काय करू?
– एक आजी, डोंबिवली

उत्तर : आजी, मोरात दोष नाही, कागदात आहे. क्रॉसस्टिचचं घर चौरस असतं. आपला टाका चौरस नसतो. तो रुंद जास्त, उंच कमी. मध्यम लोकर आणि आठ नंबरच्या सुया घेतल्या तर साधारण १० सेंटिमीटरमध्ये २२ टाके आणि ३० ओळी बसतात. म्हणजे ४४ घरं रुंद आणि ४४ घरं उंच असा मोर तुम्ही विणलात की रुंदी २० सेंटिमीटर भरते आणि उंची पंधरासुद्धा भरत नाही. पाव मोर गेला! तोच मोर ६० ओळींचा काढा, मान वर येईल. आधी तुमच्या हाताचा तुकडा विणून मोजा. हात घट्ट असेल तर आकडे बदलतील. मग तसाच आडव्या घरांचा कागद आखून घ्या, किंवा नातवंडांपैकी कुणाला संगणकावर आखून द्यायला सांगा.

दुसरा प्रश्न धाग्यांचा, आणि इथे तुमची पैठणीच तुम्हाला वाट दाखवेल. पदर उलटा करून बघा. मागे धागे लोंबत नाहीत, मोर दोन्ही बाजूंनी सारखाच. येवल्याचे विणकर प्रत्येक रंगाची वेगळी छोटी कांडी ठेवतात. हिरवा हिरव्याच्या हद्दीपर्यंत जातो, तिथे शेजारच्या रंगात अडकतो आणि मागे फिरतो. आपणही तेच करायचं. प्रत्येक रंगाची छोटी गुंडी वेगळी, आणि रंग बदलताना जुना धागा नव्यावरून एकदा ओलांडून घ्यायचा. ओलांडायला विसरलात तर मोराच्या कडेने भोकं पडतील. फॅसेटचे मोठाल्या आकारांचे नमुनेही बरेचसे याच रीतीचे.

दोन रंग सतत बरोबर न्यायचेच असतील, म्हणजे समजा पिसाऱ्यात, तर आणखी एक युक्ती आहे. १९२७ मध्ये पॅरिसला एल्सा स्कियापारेल्ली या फॅशन डिझायनरने काळ्या स्वेटरवर पांढरा बो काढला. बो खरा नाही, विणलेला. लांबून मात्र गळ्यात बांधल्यासारखा दिसतो. त्या एका स्वेटरने तिचं नाव झालं. पण तिला मुळात भुरळ पडली होती ती कुणाच्या तरी अंगावरच्या स्वेटरच्या पोताची : न ताणणारा, न सुटणारा. तो विणणारी बाई आर्मेनियन होती. ती मागचा रंग नुसता वाहू द्यायची नाही, दर तीन-चार टाक्यांनी पुढच्या धाग्याखाली धरायची. त्यामुळे मागे फास राहत नव्हते आणि काळ्यातून पांढऱ्याचे बारीक कण डोकावायचे. तुमच्या लालमधून हिरवा असा किंचित डोकावला तर पिसाऱ्याला बरंच दिसेल. शिवाय नातीची बोटं आत अडकणार नाहीत.

डोळा, तुरा, चोच विणायच्या भानगडीत पडू नका. स्वेटर झाला की लोकरीच्या सुईने टाक्यावर टाका भरून काढा. आणि जरीचा धागा नको. मोह होईल, पण दोन वर्षांच्या मुलीच्या हनुवटीला तो टोचतो.

प्रश्न : आमच्या भिशीच्या गटात एकीने पैसे भरून घेतलेला शालीचा नमुना सगळ्यांना पाठवून दिला. मी बोलले, तर म्हणाली, ‘विणकाम काय कुणाच्या मालकीचं आहे?’ चूक कुणाची?
– एक वाचक, अंधेरी

उत्तर : वीण कुणाच्या मालकीची नाही, इथवर तुमची मैत्रीण बरोबर आहे. बार्बरा वॉकर या अमेरिकन बाईंनी १९६८ पासून एकामागून एक विणींचे संग्रह काढले, शेकडो विणी, आणि डिझायनर आजही ते उघडून बसतात. त्यातली पानाची वीण तुम्ही घ्या, मी घेते. पण पैसे भरून घेतलेल्या नमुन्यात वीण हा सगळ्यात छोटा भाग असतो. आठ-दहा मापांचे हिशेब, आलेख, चार जणींकडून विणवून केलेली तपासणी, चुकांची दुरुस्ती यांचे ते पैसे. त्या शालीवर तिकडे कुणाचं तरी वीजबिल भरलं जातं. तेव्हा चूक मैत्रिणीची. पुढच्या भिशीला सगळ्यांकडून वर्गणी काढून प्रत्येकीचा नमुना विकत घ्या, वाद मिटेल.

पत्राच्या निमित्ताने माझं एक जुनं दुखणं काढते. डिझायनरचं नाव राहतं, हातांचं राहत नाही. स्कियापारेल्ली कोण हे फॅशनच्या विद्यार्थ्यांना पाठ असतं. आरूसियाग मिकाएलियन कोण, विचारून बघा. मघाची ती आर्मेनियन विणणारी.

स्वीडनची गोष्ट मला त्यामानाने बरी वाटते. तिथल्या बोहुस प्रांतात ग्रॅनाइटच्या खाणी. १९३०च्या दशकातल्या मंदीत दगडाची मागणी बसली आणि पाथरवट घरी बसले. त्यांच्या बायका गव्हर्नरच्या पत्नीकडे गेल्या : आम्हाला काम द्या. या एमा याकॉबसन, व्हिएन्नात वाढलेल्या, वनस्पतिशास्त्रातल्या डॉक्टरेट. दान वाटलं नाही. १९३९ मध्ये बोहुस स्टिकनिंग नावाने संस्था उभी केली, शिकलेल्या चित्रकार बायका डिझायनर म्हणून आणल्या आणि पाथरवटांच्या बायकांकडून असं काम मागितलं की खोट निघाली तर परत उसवायला लागायचं. गळ्याभोवती रंगांची वर्तुळं असलेले ते स्वेटर युरोपभर आणि अमेरिकेत महागात खपले.

त्यात नवं काय होतं सांगते, करून बघण्यासारखं आहे. दोन रंगांच्या नक्षीत आपण समोरून सगळे टाके सुलट घेतो. त्यांनी मध्येच काही टाके उलट घेतले. उलट टाक्याचा उंचवटा खालच्या ओळीतला रंग वर ओढून आणतो, त्यामुळे रंगांची हद्द ठळक राहत नाही, एक दुसऱ्यात विरतो. वर अंगोरा सशाची लव मिसळलेला धागा. जवळून बघाल तर ठिपके, दोन हातांवरून धुकं. वनस्पतिशास्त्राच्या बाईला हे सुचायला शेवाळ-दगडफुलं बघायची सवय कारणी लागली असेल, हा आपला माझा तर्क. संस्था १९६९ मध्ये बंद झाली. एवढ्या बारीक कामाची मजुरी परवडेनाशी झाली.

प्रश्न : मी निवृत्त गणित शिक्षक. पत्नी गेल्यानंतर तिच्या सुया घेऊन विणायला लागलो. हसू नका. गणितावरून सुचलेला एखादा नमुना असतो का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : सर, हसणार कोण? या सदराला पत्र पाठवणाऱ्यांत पुरुष कमी आहेत, एवढंच. आणि तुमच्यासाठी नमुना तयार आहे.

एलिझाबेथ झिमरमन, जन्म १९१०, इंग्लंडची. लग्न करून अमेरिकेत विस्कॉन्सिनला गेली आणि जुन्या शाळेच्या इमारतीत संसार थाटला. तिची प्रेरणा मुख्यतः वैताग! उलट टाके तिला आवडत नसत, शिवण तर त्याहून नाही. म्हणून ती सगळं गोल विणायची. एकदा तिचा गोल विणलेला स्वेटर छापताना त्याचे पाठ-पोट वेगळे तुकडे करून टाकले, तेव्हा चिडून तिने स्वतःचंच पत्रक काढलं. १९६८ मध्ये बाळाचं असं जाकीट काढलं की विणून झाल्यावर हातात एक वेडावाकडा तुकडा राहतो. तो दोनदा दुमडला की जाकीट होतं, शिवण फक्त खांद्यांना. सगळ्या ओळी सुलट असल्यामुळे दोन ओळींची उंची एका टाक्याच्या रुंदीएवढी भरते, आणि त्या चौरसावर तो सगळा खेळ आहे.

तुमच्यासाठी तिची ‘पाय शाल’ (पाय म्हणजे गणितातला π). वर्तुळाची त्रिज्या दुप्पट झाली की परीघ दुप्पट होतो, हे तुम्ही पोरांना पढवलंत. मग गोल शाल विणताना दर ओळीत टाके कशाला वाढवायचे? त्रिज्या दुप्पट झाली की एकदाच दुप्पट करावेत, मधल्या ओळी सरळ विणाव्यात. नऊ टाके घाला, एक फेरी विणा. दुप्पट करून १८, मग तीन फेऱ्या सरळ. ३६, सहा फेऱ्या. ७२, बारा फेऱ्या. १४४, चोवीस. २८८, अठ्ठेचाळीस. शेवटी ५७६. दुप्पट करायला प्रत्येक टाक्यानंतर सुईवर एकदा धागा घ्यायचा, पुढच्या फेरीत तोही विणायचा. मधल्या सरळ पट्ट्यांत हवी ती जाळी घाला. ७२ला दोन, तीन, चार, सहा, आठ, नऊ सगळ्यांनी भाग जातो, तेव्हा बहुतेक विणी बसतात. बावीस सप्तमांश कुठेच लागत नाहीत, हे तुमच्या लक्षात आलंच असेल.

सुरुवात मोज्याच्या दोन टोकांच्या सुयांवर करा, तीन सुयांवर तीन-तीन टाके, चौथीने विणायचं. पहिल्या पाच-सहा फेऱ्या सुया हातातून निसटतील, मग सुधारतं. ७२ टाके झाले की वायरच्या गोल सुईवर घ्या. आणि ५७६ टाके बंद करताना सुई दोन नंबर जाड, म्हणजे दहाने विणत असाल तर आठ नंबरची (नंबर कमी, सुई जाड), हात सैल. कड घट्ट राहिली तर शाल पसरणार नाही, वाडग्यासारखी गोळा होईल.